दुःखाला लागलेली चाल

आकाशवाणीवरचे ठरलेले कार्यक्रम एकाएकी थांबायचे आणि सारंगी सुरू व्हायची. घरातली मोठी माणसे हातातले काम ठेवून रेडिओजवळ यायची आणि एकमेकांना विचारायची, "कोण गेलं?" पंडित नेहरू गेले तेव्हा आणि पुढे इंदिरा गांधी गेल्या तेव्हा, दुखवट्याच्या त्या दिवसांत सिनेमाची गाणी बंद होती. ऐकू येत होते ते संथ वाद्यसंगीत आणि भजने. नाव कळण्याआधी सुरावरून मरण कळावे, इतका हा संकेत घराघरांत रुजला होता.

या प्रथेने सारंगीचे मात्र नुकसान केले. ख्याल-ठुमरीला पिढ्यान्‌पिढ्या साथ करणारे, माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारे हे वाद्य. साथीची तिची जागा हार्मोनियम घेतच होते. त्यात रेडिओने तिच्यावर दुखवट्याचा शिक्का मारला. रामनारायणांसारख्या कलावंताने तिला एकल वाद्य म्हणून जगभर नेले, तरी तो शिक्का पुरता पुसला गेला नाही.

पण त्या प्रथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देशावर शोककळा पसरली असताना केंद्र बंद ठेवणे सोपे होते. तसे कोणी केले नाही. शोक पाळायचा तर काहीतरी वाजत राहिले पाहिजे, हे एका सरकारी खात्यालाही उमगले होते. आणि गंमत नव्हे, खरीखुरी विसंगती अशी, की त्याच काळात आपल्याकडच्या कित्येक घरांत सुतकाचे तेरा दिवस रेडिओच्या बटनाला हात लावायची बंदी होती. गाणे म्हणजे करमणूक आणि मरणाच्या घरी करमणूक नको, असा त्यामागचा विचार. दोन्ही रिवाज एकाच समाजातले, एकाच पिढीतले.

शोकात गाणे चालते का, आणि चालत असेल तर ते माणसासाठी नेमके काय करते? या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली.

सर्वांत जुने उत्तर कोणी लिहून ठेवलेले नाही. ते गळ्यात आहे. गावाकडे मयताच्या घरी बायका रडतात ते ज्यांनी जवळून ऐकले आहे, त्यांना हे माहीत असेल. पहिला आक्रोश बेसूर असतो, त्याला आकार नसतो. थोड्या वेळाने त्याला हेल सापडतो. आवाज वर चढतो, वर थोडा थांबतो आणि गेलेल्याला हाक मारत, त्याच्याशी बोलत खाली उतरतो. त्यात सगळे येते: काल संध्याकाळी तो काय जेवला, कुठला बैल कोणाच्या हवाली केला, लेकीचे लग्न कोण करणार. वाक्य संपते, हेल उतरतो, श्वास घेतला जातो. पुन्हा चढ. नवी पाहुणी दारात आली की गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून. शहरातून आलेल्यांना हे दाखवण्यासाठी केलेले वाटते. मला तसे कधीच वाटले नाही. आकार नसलेल्या रडण्यात श्वास कोंडतो, माणूस बेशुद्ध पडतो. हेल त्या बाईला श्वास घ्यायला जागा देतो. शोकात सुराने केलेले हे पहिले काम, आणि ते अगदी शरीराचे आहे.

ग्रंथकारांनी याची दखल आपापल्या रीतीने घेतली. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा आठ रसांतला एक, त्याचा स्थायीभाव शोक, आणि त्याच्यासाठी गांधार आणि निषाद हे स्वर सांगितलेले. रामायणाचा जन्मच क्रौंच पक्ष्याच्या वधाने कळवळलेल्या ऋषीच्या शोकातून झाला, ही कथा नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्यविचाराच्या मध्यभागी आणून ठेवली. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोने उलटा निवाडा दिला होता. आपल्या आदर्श राज्यातून त्याने विलापाच्या स्वररचना हद्दपार केल्या. त्या ऐकून रक्षक मऊ पडतील, अशी त्याला धास्ती. प्लेटोच्या या धास्तीत सुराच्या ताकदीची कबुलीच आहे. ज्याचा परिणाम होत नाही त्यावर बंदी कोण घालतो?

शास्त्रांचे हे सगळे नाटकातल्या आणि काव्यातल्या शोकाबद्दल झाले. स्वतःचे माणूस गेल्यावर गाणे काय करते, याचे मला माहीत असलेले सर्वांत थोर मराठी उत्तर आळंदीत आहे.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. तिथे हजर असलेल्या नामदेवांच्या नावावर त्या प्रसंगाचे अभंग आहेत. गाथ्यात ते 'समाधी' याच प्रकरणात येतात. हे अभंग तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत. तयारी कशी झाली, कोण कुठे उभे होते, निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला कसे आत नेले, बाहेर आल्यावर त्यांची काय अवस्था झाली, सोपान आणि मुक्ताई कसे रडले, हे ते एकामागून एक सांगत जातात. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानेश्वरांचे गुरू, सगळ्या परंपरेला ज्ञान देणारा माणूस. तोही इथे थोरला भाऊ म्हणून कोसळतो.

आता यातला पेच पाहा. गीतेचा दुसरा अध्याय शहाणी माणसे शोक करीत नाहीत असे सांगतो, आणि त्या अध्यायावर मराठीतले सर्वांत सुंदर निरूपण ज्यांनी केले तेच इथे समाधी घेतायत. शिवाय ही समाधी संजीवन. माउली आत आहेतच, अशी संप्रदायाची श्रद्धा. म्हणजे सिद्धान्ताच्या बाजूने पाहिले तर रडायला कारणच उरत नाही. तरी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज समाधीसोहळ्याच्या कीर्तनाला उभे राहतात, तेच अभंग लावतात आणि मंडपातली माणसे ढसाढसा रडतात. शेतकरी रडतात, शिकलेले रडतात, पहिल्यांदा आलेली मुलेही रडतात. दुपारी बाराच्या सुमारास घंटानाद होतो, समाधीवर फुले उधळली जातात. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वियोगाचा शोक दरवर्षी नव्याने होतो, आणि रडून झालेली माणसे प्रसाद घेऊन आपापल्या गावाला निघतात.

माझ्या मते या विचाराच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे. वारकऱ्यांनी तत्त्वज्ञान सोडले नाही आणि शोकही नाकारला नाही. दोन्ही एका मंडपात आणले ते कीर्तनाने. आत्मा मरत नाही हे निरूपण सांगते. पण भाऊ गेला, हे अभंगाची चाल सांगते. एकाने दुसऱ्याला खोटे पाडायची गरज पडत नाही. आणखीही एक गोष्ट त्या मंडपात घडत असते. तिथे रडणाऱ्यातला प्रत्येक जण फक्त ज्ञानेश्वरांसाठी रडत नसतो. कोणाचा भाऊ त्याच वर्षी गेलेला असतो, कोणाची लेक. घरी ज्यांना रडायला सवड मिळाली नाही, किंवा घरात सगळ्यांना सावरायचे म्हणून जे रडले नाहीत, त्यांना इथे मुभा मिळते. कोणी विचारत नाही, तुम्ही का रडताय.

याच रीतीची लहान आवृत्ती गावोगावच्या भजनी मंडळांनी घरांत नेली. अंत्यविधी उरकून माणसे परतलेली असतात. संध्याकाळी मंडळाची आठ-दहा माणसे येतात. त्यांना बोलवावे लागत नाही. ओटीवर सतरंजी पडते. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायला कणीक लागते आणि या घरी तर चूल पेटलेली नसते. म्हणून शेजारची बाई तेवढा गोळा मळून आणून देते. म्होरक्या कुठले अभंग घ्यायचे ते ठरवतो. त्या रात्री गौळण नाही, गळ्याची करामत नाही. चाल साधी, लय संथ. आत बायका रडत असतात, बाहेर टाळ सुरू होतात, आणि सुरुवातीला दोन्ही आवाज एकमेकांना छेद देतात. कोणी आत डोकावून "आता रडू नका" असे सांगत नाही. भजन चालूच राहते. तास-दीड तासाने आतले रडणे टाळाच्या मागून यायला लागते.

अशाच एका घरी गेलेले आजोबा स्वतः टाळकरी होते. त्यांचे टाळ खुंटीला होते. मंडळातल्या एकाने ते काढले आणि भिंतीला टेकून बसलेल्या नातवाच्या हातात दिले. मुलगा शहरात वाढलेला, त्याला ठेका येत नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले आणि दोन-तीन अभंग होईपर्यंत त्याच्या हाताने ठेका धरून ठेवला. नंतर सोडला. मुलगा चुकत चुकत वाजवत राहिला. सांत्वनाची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत. त्या मनगटावरच्या हाताइतके काम त्यातल्या एकानेही केले नाही.

ही झाली चारचौघांतली रीत, आणि ती बहुतांशी पुरुषांची. बायकांच्या वाट्याला हेल होता, पण तो दहा-तेरा दिवसांपुरता. त्यानंतर घर कामाला लागायचे. सून आईच्या आठवणीने महिन्यानंतर रडली तर सासूला खपायचे नाही. तिला जागा होती ती जात्याजवळ. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर, समोर फार तर जाऊ किंवा नणंद. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने दाण्यांचा घास टाकायचा आणि तोंडाने ओवी. घरघरीत शब्द बुडून जातात, त्यामुळे उघड बोलता येत नाही तेही गाता येते. आई गेली आणि माहेर संपले, हा जात्यावरच्या ओव्यांत पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. भावजय पूर्वीसारखी बोलत नाही, माहेरची वाट तीच पण ओढ राहिली नाही, असे बारीकसारीक दुःख तिथे दोन ओळींत मावते, आणि पुढच्या घासाबरोबर पुढची ओवी येते.

पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटविन आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्यांचा संग्रह आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतो. मराठी बायकांच्या मनाची एवढी मोठी वही दुसरी नाही, आणि तिचा मोठा भाग दुःखाने भरलेला आहे. पिठाची गिरणी आली, मनगटे सुटली, हे चांगलेच झाले. ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण पहाटेचा तो आडोसाही गेला, आणि त्याच्या जागी काही आले नाही.

बहिणाबाई चौधरी ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात, हात कामात असताना त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी जे टिपून घेतले ते १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आले. वैधव्यावर त्यांनी जे रचले त्यात दैवाशी भांडण आहे, कपाळ पुसले गेल्याचे दुःख आहे आणि उद्या पेरणी करायची आहे हेही आहे. शोकाने कामाला सुट्टी दिली नाही आणि कामाने शोकाला हुसकावले नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोकाचे गाणे रंगभूमीवर गेले आणि प्रश्नच पालटला. १९११ च्या मार्चमध्ये मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिकत मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? आपण ती निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी वेगळाच प्रश्न पडतो. त्या संध्याकाळी गाण्याने हजारो लोकांना आनंद दिला. गाणाऱ्या बापाला काय दिले? ते रंगवत असलेल्या भामिनीच्या पदांत मुलीच्या मरणाला जागा नव्हती. ते गाणे दुःखाला वाट करून देणारे नव्हते, दुःखावर झाकण घालणारे होते. ते आवश्यक असेल, थोरही असेल. पण गायल्याने दुःख हलके होते हे सरसकट म्हणण्याआधी ही संध्याकाळ आठवावी.

पुढे १९१९ मध्ये राम गणेश गडकरी वारले. 'एकच प्याला' लिहून झाले होते, पदे व्हायची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच बडोद्याला पहिला प्रयोग झाला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि प्रेक्षागृहे रडली. लोक पैसे देऊन रडायला येत आणि पुन्हा पुन्हा येत. याच बडोद्यात १९२१ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली: वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो पण स्वतःला पुरता विसरत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतून आनंद होतो. करुण रसातून आनंद कसा, यावर मराठीत पुढे बरीच वर्षे वाद झडला. विश्वनाथाने चौदाव्या शतकात साहित्यदर्पणात हाच प्रश्न घेतला होता: करुणाने दुःखच होत असते तर त्याच्याकडे कोण वळले असते?

वाद विद्वत्तेचा होता, पण त्याची नजर सगळी प्रेक्षकावर होती. प्रेक्षकाला सिंधूचे दुःख परके असते, म्हणून त्याला अंतर राखता येते. ज्याच्या घरात मरण झाले आहे त्याला अंतर कुठून मिळणार? आळंदीचा मंडप आणि बडोद्याचे प्रेक्षागृह दोन्हीकडे माणसे रडतात, म्हणून दोन्ही रडणी एक ठरत नाहीत. मराठी टीकेने प्रेक्षागृहातल्या रडण्याचा कसून विचार केला आणि ओटीवरच्या रडण्याकडे फारसे पाहिले नाही, याची मला खंत वाटते.

६ डिसेंबर १९५६ या दिवसाने मात्र असा प्रश्न उभा केला, ज्याचे उत्तर कोणत्याच जुन्या रीतीत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. त्याच्या आठच आठवड्यांआधी, १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी त्यांच्याबरोबर जुना धर्म आणि जुने विधी सोडले होते. आता बाप गेल्यासारखे दुःख कोसळले आणि ते कसे पाळायचे याची रूढ पद्धत हाताशी नव्हती. जुने विधी परत घ्यायचे नव्हते. नवे पुरते घडले नव्हते.

ती जागा गाण्याने भरून काढली. आंबेडकरी जलशांची परंपरा आधीपासून होती. भीमराव कर्डकांसारख्यांनी ती उभी केली होती. त्यात आता शोकाची गाणी आली. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडून गात राहिले, रचत राहिले. २००४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या लेखणीला आणि पायाला विश्रांती नव्हती. या गाण्यांत नुसता विलाप नाही. गेलेल्याने काय दिले, आपण काय होतो, काय झालो आणि आता काय करायचे आहे, हे सगळे एका चालीत येते. दरवर्षी ५ डिसेंबरच्या रात्री चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कात जो जनसागर येतो, त्याच्या हातात पुस्तके असतात आणि ओठांवर भीमगीते. आज बौद्ध घरात कोणी वारले तर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशीलानंतर बुद्ध-भीमगीते होतात. घरातल्या एका साध्या माणसाचे मरणही त्यामुळे त्या मोठ्या वियोगाशी जोडले जाते. एका समाजाने शोकाची रीत आपल्या डोळ्यांदेखत, गाण्यातून घडवली. इतकी अलीकडची आणि इतकी जिवंत गोष्ट असून शोक आणि संगीत यांवर बोलताना आपण तिचा उल्लेखही करत नाही, हे बरोबर नाही.

तिकडे वैद्यकाची वाट वेगळीच चालली होती. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान दुसऱ्या बायझीदने १४८८ मध्ये रुग्णालय बांधले. तिथे रुग्णांसाठी गायक-वादक नेमलेले होते, असे सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी सांगतो. आधुनिक काळात दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या रुग्णालयांत संगीताचा उपयोग दिसला, १९४४ मध्ये मिशिगनमध्ये विद्यापीठाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. शस्त्रक्रियेआधीची भीती कमी करायला संगीताची मदत होते, हे पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसून आले.

आपल्याकडे ही कल्पना आली ती तक्त्यांच्या रूपात. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर, शोकाला हा आणि निद्रानाशाला तो. मला या तक्त्यांची चीड येते. जोगिया ऐकून एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येते, कारण ती चीज त्याचे वडील गुणगुणायचे. शेजारच्याला तोच जोगिया नुसता गोड लागतो. रागाची गोळी होत नाही. आणि मुळात शोक हा आजार नाही. काहींचा शोक महिनोन्‌महिने घट्ट होत जातो, खाणे-झोपणे सुटते, जगणे नको वाटते; अशा माणसाला डॉक्टरकडेच नेले पाहिजे, तिथे भजन पुरणार नाही. बाकीच्यांना शोकातून बरे व्हायचे नसते. त्यांना शोकासकट जगायचे असते.

मानसशास्त्राला हे कळायला वेळ लागला. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकाचे काम काय ते सांगितले: गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे. पुढे तीन वर्षांनी त्याची मुलगी सोफी वारली. १९२९ मध्ये, तिच्या वाढदिवसाच्या दिवशी, त्याने स्वतः एका मित्राला पत्रात कळवले, की अशी जागा कधीच भरून निघत नाही आणि ते तसेच असायला हवे. सिद्धान्त एक सांगत होता, बाप दुसरे. संगीताचा आनंद आपल्याला जवळजवळ घेता येत नाही, हे याच फ्रॉइडने लिहून ठेवले आहे. त्याला ओटीवरचे भजन मिळाले असते तर, असे मनात येते.

१९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथाने वेगळा विचार मांडला: गेलेल्याशी नाते तोडणे हे निरोगी शोकाचे लक्षण नाही, ते नाते रूप बदलून चालू राहते. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी म्हटले, की शोकातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्याकडे वळतो, कधी उरलेल्या आयुष्याच्या कामांकडे, आणि ही ये-जाच त्याला तारते.

हे वाचताना मला जाते दिसले. एका हाताने आजचे पीठ आणि तोंडाने गेलेली आई. दोन्ही काठ एकाच वेळी. आणि नाते रूप बदलून चालू राहते म्हणजे काय, हे कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत कोणालाही विचारावे. 'आमच्याकडे सगळे आधीच होते' अशी फुशारकी मला मारायची नाही. आमच्याकडे विचार नव्हता, रीत होती, आणि त्या रीतीतून विधवांना, सुनांना, गावकुसाबाहेरच्यांना किती वेळा वगळले गेले हेही आपल्याला माहीत आहे. अभ्यासकांनी कारणे शोधली, हे त्यांचे मोठे काम. पण कारणे सापडत असताना रीत हातची जाते आहे.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत ती एकदम तुटली. अंत्यविधीला वीसच माणसे, घरी कोणी यायचे नाही, टाळ नाहीत, गळ्यात पडणे नाही. पालख्या एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांतले कित्येक जण अजून सांगतात, की आमचे रडायचेच राहिले. परदेशातल्या मुलामुलींनी आईवडिलांना फोनच्या पडद्यावर निरोप दिला आणि रात्री कानात इअरफोन घालून भीमसेन जोशींनी गायलेला अभंग लावला. त्या रात्री तेवढेच त्यांचे भजनी मंडळ होते, आणि ध्वनिमुद्रणाचे हे उपकार मी मानतो. २०१४ मध्ये तारुफी आणि कोल्श यांनी ७७२ लोकांना विचारून केलेल्या पाहणीत असे दिसले, की दुःखी संगीत ऐकताना सर्वांत जास्त जाणवते ती जुन्या आठवणींची हुरहुर. म्हणजे एकट्याने ऐकलेले गाणेही माणसाला माणसांकडेच नेते.

पण ध्वनिमुद्रण आपल्यासाठी थांबत नाही. ओटीवरचा म्होरक्या आतला हुंदका ऐकून लय उतरवतो, धृपद आणखी दोनदा घेतो, मुलाचा ठेका चुकला तर सगळ्यांना सांभाळून घेतो. आता दुखवट्याच्या घरी कोपऱ्यात स्पीकर लावून एकच ध्वनिफीत दिवसभर फिरवतात आणि खाली माणसे मोबाइल पाहत बसतात. ते सांत्वन नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. घरात सत्तरीच्या पुढची आई, आजी, मावशी असेल तर तिला तिच्या ओव्या, तिची मरणाची आणि माहेराची गाणी विचारा आणि फोनवर मुद्रित करून ठेवा. ती आधी "मला नाही येत" म्हणेल, चिकाटीने विचारत राहा. आणि तुमच्या सोसायटीत, वाडीत, वस्तीत कोणाच्या घरी मरण झाले, तर रात्री चार माणसे घेऊन जा. अभंग असो, भीमगीत असो, त्या घराला जवळचे असेल ते गा. त्यासाठी गळा चांगला असावा लागत नाही. धृपद सगळ्यांना म्हणता येते.